मातीची भांडी, एकोणीस जण

पावणेदोनच्या सुमारास केतकी वैतीच्या पडद्यावर ती ओळ आली तेव्हा तिला आधी हसूच आलं.

'मातीची भांडी – एकोणीस जण.'

शेजारच्या रकान्यात यंत्राने केलेली दुरुस्ती होती : 'मातीची भांडी – एकोणीस नग.' दुरुस्ती बरोबर, खात्री नव्व्याण्णव टक्के.

काळबेट बंदराच्या भाषा-कक्षात त्या दुपारी ती एकटीच होती. मे महिना होता. खिडकीच्या काचेला हात लावला तर चटका बसत होता. बाकीची मंडळी सकाळीच मुंबईला गेली होती, कारण दुसऱ्या दिवशी 'दुवा'ची नवी आवृत्ती आणखी अकरा बंदरांत सुरू व्हायची होती. केतकीने मागे थांबून जुन्या आवृत्तीने केलेल्या दुरुस्त्यांची यादी एकदा नजरेखालून घालायची आणि मग ती पुसून टाकायची, एवढंच काम उरलं होतं.

दुवा हे भाषांतराचं यंत्र. बंदरातून माल पाठवणारे दलाल बावीस भाषांमधून बोलत. आपापल्या माणसांशी होणारं त्यांचं मालाबद्दलचं सगळं बोलणं बंदराच्याच लाइनवरून झालं पाहिजे, असा पाच वर्षांपूर्वी नियम झाला. तेव्हापासून दुवा ते बोलणं ऐके, मराठी-इंग्रजीत आणे आणि एका तक्त्यात भरे : वस्तू कोणती, किती, कुठे जाणार. तो तक्ता थेट क्रेन चालवणाऱ्या यंत्रणेकडे जाई. मध्ये माणूस नव्हता. पूर्वी बंदरावर नऊ दुभाषे होते. दुवा आला आणि ते गेले.

दुवातला एक लहानसा नियम केतकीचा होता, तिच्या प्रबंधातून आलेला. मराठीत आपण 'पाच आंबे' म्हणतो आणि मोकळे होतो. आकडा थेट वस्तूला चिकटतो. कधीमधी 'चार जण' किंवा 'सहा नग' म्हणतो, एवढंच. पण बर्मी, थाई, चिनी, जपानी अशा भाषांत आकडा आणि वस्तू यांच्या जोडीला तिसरा एक शब्द घालावा लागतो, आणि तो वस्तूच्या जातीप्रमाणे बदलतो. बर्मीत गोल वस्तू, मडकी, घागरी मोजताना 'लौं' म्हणतात. लांबट वस्तूंना 'छौं', जनावरांना 'कौं', आणि माणसांना 'यौ', शेवटी घशात अडकून तुटणारा. केतकी त्यांना मोजशब्द म्हणे.

यंत्राची अडचण अशी होती, की हे मोजशब्द फार आखूड. दलाल बोलतो धक्क्यावरून, मागे ट्रक घरघरतो, आणि यंत्राला 'लौं' ऐकू आलं की 'यौ', ते कळत नाही. केतकीने त्यावर उपाय काढला होता : कानावर विसंबू नका, वस्तूकडे पाहा. भांड्यांना कोणता मोजशब्द लागतो हे कोट्यवधी वाक्यांवरून यंत्राला ठाऊक असतं. निरोपातला मोजशब्द वस्तूशी जुळला नाही, तर ती ऐकण्यातली चूक समजायची आणि गुपचूप सुधारायची. हजारात नऊशे ब्याण्णव वेळा हे बरोबर ठरे. या एका नियमावर तिला डॉक्टरेट मिळाली होती आणि नोकरीही.

मूळ आवाज बहात्तर तास जपला जाई. हा निरोप तीन दिवसांपूर्वीचा, अजून पुसला गेला नव्हता. सहज गंमत म्हणून तिने तो लावला.

मागे ट्रक नव्हता. बंद खोलीतला स्वच्छ, सावकाश आवाज होता. केतकीला अकरा भाषांतलं मोजणं येत होतं आणि त्यातल्या एकीतही साधा चहा मागता येत नव्हता. पण मोजशब्द तिला ऐकू येत असत. तो माणूस 'यौ' म्हणाला होता. तिने पुन्हा लावला. पुन्हा 'यौ'.

तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

तिने त्या दलालाच्या क्रमांकावर झालेल्या सगळ्या दुरुस्त्या मागवल्या. तीन वर्षांत सात कंटेनरच्या. सातही वेळा भांडी, सातही वेळा 'यौ' बदलून 'लौं' केलेलं. सध्याच्या कंटेनरबद्दल आणखी दोन निरोप होते. परवाच्या निरोपाचं भाषांतर होतं, 'प्रति नग दोन बाटल्या'. दुवाने ते बांधणीचं साहित्य म्हणून नोंदवलं होतं. मूळ शब्द पाण्याचा होता. कालच्या निरोपात दोन आकडे होते, अठरा आणि एक, दोघांचे मोजशब्द वेगवेगळे. दुवाने दोन्ही चूक ठरवले आणि बेरीज करून टाकली : एकोणीस नग.

केतकीने कंटेनरचा क्रमांक लिहून घेतला. दलालाने वस्तूचं नाव ठरवून खोटं सांगितलं होतं. मोजताना मात्र जीभ सवयीने चालली होती. ते एकच खरं अक्षर तिच्या नियमाने खोडून टाकलं होतं, सात वेळा.

तिने मकरंदला फोन लावला.

मकरंद तिचा नवरा. बंदराच्या मनोऱ्यात बसून तो दुपारपाळीच्या सगळ्या क्रेनवर नजर ठेवी. फोन उचलायला त्याने वेळ लावला. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नसे. गेल्या वर्षापासून तर नाहीच.

"एक कंटेनर बघ," तिने क्रमांक सांगितला. "कुठे आहे?"

"यार्डात. आज सकाळीच आत आलाय. सात नंबरच्या रांगेत, खालचाच. तीन दहाला चढणार बोटीवर. का?"

"त्यात माणसं आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दुवा काय म्हणतो?"

"भांडी म्हणतो."

"मग?"

"दुवा चुकतोय, मकरंद."

"केतकी," तो हळू आवाजात म्हणाला, शेजारी कोणी असावं, "गेल्या वर्षी तुझा दुवा बरोबर आहे म्हणून मी चाळीस डबे उघडले. स्फोटकं निघणार होती. निघालं काय, तर खेळण्यातल्या पिस्तुलांच्या टिकल्या. दहा महिने गेटवर उभं राहून ट्रकचे नंबर वाचले मी. आता तो चूक आहे म्हणून डबा उघडू?"

त्या प्रकरणाबद्दल त्याने तिला एका शब्दाने कधी बोल लावला नव्हता. फक्त घरी तिच्या कामाबद्दल विचारणं त्याने सोडलं होतं.

"किती खात्री आहे तुझी?" त्याने विचारलं.

"मला बर्मी येत नाही. एक अक्षर ऐकलंय मी. पण ते ऐकलंय."

"एका अक्षरावर बोट थांबवायची?"

"पोलिसांना सांगते."

"सांग. ते कस्टमला विचारतील, कस्टमवाले दुवाचा तक्ता बघतील. तोवर बोट समुद्रात. ते बर्मी ज्याला कळतं असा कोणी माणूस आहे का? यंत्र नको. माणूस."

बंदरात कोणी नव्हतं. पण बंदराबाहेर होतं.

तीन नंबरच्या गेटसमोर पत्र्याच्या शेडमध्ये खिनमावशीची खानावळ होती. नाव दॉ खिन; नवरा मासेमारीच्या बोटीवर होता, त्याच्याबरोबर ती पंचवीस वर्षांपूर्वी इथे आली. तो वारला, ती राहिली. मराठी शिकली ती कोळणींकडून. पूर्वी बर्मी खलाशी आजारी पडला, कुठे मारामारी झाली, की बंदरवाले तिलाच बोलवून नेत. त्या नऊ दुभाष्यांत ती एक होती.

केतकी पोचली तेव्हा ती मोठ्या पातेल्यात मोहिंगा ढवळत होती, शेवया घालून खायचं माशाचं दाट कालवण. केतकीला तिने लगेच ओळखलं.

"पाच वर्षांनी आठवण झाली?" ती म्हणाली. "यंत्र बिघडला काय तुमचा?"

"हो मावशी, बिघडलंय," केतकी म्हणाली. "एक ऐकाल?"

खिनमावशीने मंद आचेवर पातेलं सोडलं, हात पुसले आणि फोन कानाला लावला. पहिला निरोप ऐकला. चेहरा काही बदलला नाही.

"कुंभाराची भांडी बोलतो. एकोणीस."

"एकोणीस काय?"

"यौ." तिने केतकीकडे पाहिलं. "मडक्याला यौ नाय म्हणत. दारू पिऊन पडलेला माणूसपण नाय म्हणणार."

"चुकून?"

"तू चुकून म्हणशील, माझ्याकडे तिघी कढया हायत?"

केतकीने दुसरा निरोप लावला. "एका यौला दोन बाटली पाणी," खिनमावशी म्हणाली, आणि मग खाली बसली. तिसरा तिने दोनदा ऐकला.

"अठरा यौ," ती सावकाश म्हणाली. "एक कौं."

"कौं म्हणजे जनावर ना?"

"जनावर. भूत. ज्याला माणूस बोलायचा नाय, तो." ती उठली आणि चुलीचा गॅस बंद केला. "परवापर्यंत एकोणीस यौ होते. काल एक कौं झाला. मेला असंल, पोरी. चल. कुठं हाय डबा?"

दोन वाजून अडतीस मिनिटं झाली होती.

वाटेत केतकीने आपल्या प्रमुखांना, सबनीसांना फोन केला. ते मुंबईत उद्याच्या समारंभाच्या तयारीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"केतकी, तू घाई करू नकोस. मी वरती बोलतो. संध्याकाळपर्यंत—"

"सर, तीन दहाला चढतोय तो."

"लेखी काही देऊ नकोस," ते म्हणाले. "एवढं ऐक माझं."

तिने फोन ठेवला.

गेटवरच्या कॅमेऱ्याने केतकीला ओळखलं आणि खिनमावशीला अडवलं. तांबडा दिवा लागला. केतकीने मकरंदला पुन्हा फोन केला आणि एका दमात खिनमावशीने सांगितलेलं सगळं सांगितलं. बाटल्यांचं सांगितलं तेव्हा तो मध्येच म्हणाला, "थांब."

ती थांबली. उन्हात डांबर मऊ पडून चपलांना चिकटत होतं.

"सात नंबरच्या रांगेत कोणी पाय ठेवू शकत नाही," तो म्हणाला. "तिथे क्रेन आपोआप चालतात. माणूस दिसला की सगळं यार्ड बंद पडतं आणि वरपर्यंत घंटा वाजते. माझ्या हातात एकच आहे. सुरक्षेसाठी म्हणून मी तीन मिनिटं थांबवू शकतो. त्याला लेखी हुकूम लागत नाही. चौथ्या मिनिटाला लागतो."

"तीन मिनिटं दे."

"आणि काही ऐकू आलं नाही तर?"

"तर मी माझ्या सहीने लिहून देईन की तुला मी फसवलं."

"ते नको," तो तुटकपणे म्हणाला. गेटचा दिवा हिरवा झाला.

काळबेटच्या यार्डात त्या दोघी शिरल्या तेव्हा तिथे वर्षानुवर्षं कोणी चाललेलं नव्हतं. जमिनीवर माणसांसाठी आखलेली वाट नव्हती, सावली नव्हती, पाण्याचा नळ नव्हता. दोन्ही बाजूंना चार-चार मजले डबे. त्यांच्यावरून पिवळ्या क्रेन सुळकन सरकत होत्या. एखाद्या डब्यावर आतून कोणी दिवसभर मुठी आपटल्या असत्या, तरी ऐकणारं इथे कोणी नव्हतं.

मग सगळ्या क्रेन एकदम थांबल्या. केतकीच्या कानात मकरंदचा आवाज आला, "चालू झाली तुझी तीन मिनिटं."

दोघी धावल्या. साठी उलटलेली खिनमावशी लुंगी वर धरून केतकीच्या पुढे होती. क्रमांक सापडला. गंजकट निळा डबा, दाराला शिक्का. केतकीने पत्र्यावर हात मारला आणि भाजला म्हणून मागे घेतला. खिनमावशीने खाली पडलेला लोखंडी खिळा उचलून तीनदा ठोकलं आणि बर्मीत ओरडली.

काही नाही.

ती दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा ठोकलं, पुन्हा ओरडली. केतकीने पत्र्याला कान लावला, गाल पोळेपर्यंत लावून ठेवला. आत काहीच हललं नाही.

"एक मिनिट चाळीस सेकंद गेले," मकरंद म्हणाला.

"काय विचारलंत तुम्ही?" केतकीने विचारलं.

"आत कोण हाय, विचारलं."

"ओ देत नाहीत?"

खिनमावशी गुडघ्यावर बसली. डब्याच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बोटभर रुंदीची चार भोकं पाडलेली होती. कडा नव्या कोऱ्या चमकत होत्या. तिने ती केतकीला दाखवली.

"ओ नाय देणार," ती म्हणाली. "त्यांना सांगितलेला असतो, कोणी ठोकला तर गप बसायचा. ठोकणारा पोलीस असतो."

"दोन मिनिटं दहा," मकरंद म्हणाला. "केतकी, काय झालं? बोल."

खिनमावशीने खिळा टाकून दिला. ती जवळजवळ आडवी झाली, तोंड भोकाशी नेलं आणि आता ओरडली नाही. घरातल्या माणसांशी बोलावं तशी बोलू लागली. केतकीला त्यातलं 'मोहिंगा' तेवढं कळलं. आणि शेवटचे शब्द कळले, कारण तो प्रश्न ती प्रबंधासाठी शेकडो वेळा शिकली होती.

"बेनयौ ले?"

किती जण आहात?

उन्हात पत्रा तडकल्याचा आवाज झाला. दूर बोटीचा भोंगा वाजला. केतकीने डोळे मिटले.

"दोन मिनिटं पन्नास."

आतून, अगदी खालून, कोरड्या पडलेल्या घशातून एका बाईचा आवाज आला. "सेको यौ."

"एकोणीस जण!" केतकी फोनमध्ये किंचाळली. "मकरंद, एकोणीस जण! सांगताहेत त्या!"

क्षणभराने यार्डाच्या चारही कोपऱ्यांवरचे भोंगे एकदम वाजू लागले आणि वाजतच राहिले. त्याने सगळं बंदर बंद केलं होतं.

दार कापून काढायला बावीस मिनिटं लागली. तेवढा वेळ खिनमावशी भोकाशी पडून बोलत राहिली. दार उघडलं तेव्हा जो वास आणि जी वाफ बाहेर आली, त्यांमुळे आग विझवणारी दोन माणसं मागे सरली. एकेक करून माणसं बाहेर आणली. बाया, पुरुष, बहुतेक विशी-तिशीतले. केतकी नकळत मोजत होती. अठरा झाले.

एकोणिसावा आत होता. एक म्हातारा, लुंगीत व्यवस्थित गुंडाळलेला, डोक्याखाली कुणाचीतरी पिशवी. तो काल सकाळीच गेला होता. त्याच्या उशाशी पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, त्याच्या वाट्याच्या. कोणी त्यांना हात लावला नव्हता.

केतकीने खिनमावशीकडे पाहिलं. "एकोणीस म्हणाल्या त्या. यौ म्हणाल्या."

"मग काय म्हणतील?" खिनमावशी म्हणाली आणि बाहीने तोंड पुसलं.

संध्याकाळी साडेसहाला तालुक्याच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात केतकी बसली होती, तेव्हा सबनीसांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"केतकी, अभिनंदन! मंत्रालयातून फोन होता. दुवाने अठरा जीव वाचवले, उद्याच्या समारंभात तेच पहिलं वाक्य असेल. तुला व्यासपीठावर बोलवताहेत."

"दुवाने?"

"दुवाच्या नोंदीतूनच सापडलं ना? यंत्राला विसंगती दिसली, यंत्र चालवणाऱ्या तज्ज्ञाने ती ओळखली. खोटं काय आहे त्यात? आणि मकरंदचाही प्रश्न सुटतो. यंत्रणेच्या इशाऱ्यावरून थांबवलं म्हटलं की त्याच्यावर ठपका नाही. खानावळवालीच्या सांगण्यावरून थांबवलं म्हटलं तर काय होईल, तूच बघ."

"आणि आधीचे सहा, सर?"

"ते आवाज पुसले गेलेत. पुरावा नाही. कदाचित खरंच भांडी असतील. तू ती दुरुस्त्यांची यादी साफ करणार होतीस ना? आज करून टाक. नवी आवृत्ती मध्यरात्री चढते. जुनं काही मागे राहायला नको."

फोन बंद झाला. मकरंद चहाचे दोन पेले घेऊन आला. तिने त्याला सबनीसांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, त्याच्या ठपक्याचं वाक्यसुद्धा. त्याने ऐकून घेतलं.

"बरं वाटलं असतं," तो शेवटी म्हणाला. "खोटं नाही बोलत. ऐकताना एक क्षण बरं वाटलं."

"मलाही."

आतून खिनमावशीची हाक आली. ती वॉर्डात एका खाटेशी बसली होती. खाटेवर भोकाशी बोललेली ती मुलगी, हाताला सलाइन. वीस-बावीस वर्षांची असेल. ती केतकीकडे एकटक पाहत होती.

"हिला मी बोलले, ही बाई डब्यांचे नंबर बघते," खिनमावशी म्हणाली. "ही विचारते, हिची बहीण डिसेंबरात गेली. याच दलालाकडून, याच वाटेने. तिचा फोन नाय आला. ती कुठं हाय, तुला माहीत हाय का?"

यादीतली सहावी ओळ तिला पाठ झाली होती. बारा डिसेंबर. भांडी, बावीस. मोजशब्द बदलला. डब्याचा क्रमांक, बोटीचं नाव, कोणत्या बंदरात उतरला, सगळं त्या ओळीत होतं. तो आवाज पुसला गेला होता. ओळ अजून होती. मध्यरात्रीपर्यंत.

ती व्हरांड्यात परतली. तिला सांगायची गरज पडली नाही. मकरंद दाराशी उभा राहून ऐकत होता.

"डिसेंबरात मी गेटवर होतो," तो म्हणाला. "ट्रकचे नंबर वाचत होतो. तो डबा माझ्यासमोरून आत गेला असेल. बावीस माणसं." त्याने चहाचा पेला कठड्यावर ठेवला. "मी आठवून बघतोय. काही आठवत नाही मला. रोज सहाशे ट्रक होते."

"खरं लिहिलं तर तुझी चौकशी होईल. यावेळी गेटवरही ठेवणार नाहीत."

"हो."

"आणि माझं सगळं..."

"तुझंही जाईल." तो तिच्याकडे वळला. "केतकी, त्या यादीत ओळी किती आहेत?"

"सात."

"सातही लिही. एक सोडू नकोस." आणि मग, वर्षभरात पहिल्यांदा, त्याने तिच्या कामाबद्दल विचारलं, "त्या नियमाला काय म्हणतेस तू? मला नीट समजावून सांग. उद्या मला कोणी विचारलं तर सांगता यायला हवं."

तिने त्याला सांगितलं. भांड्यांना काय लागतं, माणसांना काय, आणि तिने काय केलं होतं.

सात वाजता तिने दुरुस्त्यांची यादी तीन ठिकाणी पाठवली : पोलिसांना, कस्टमला आणि त्या सहा बंदरांना, जिथे ते सहा डबे उतरले होते. सोबत आपल्या सहीचं निवेदन. पहिलं वाक्य लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला : 'हा नियम मी लिहिला आहे.' दोन मिनिटांत सबनीसांचा फोन वाजू लागला. तिने तो उलटा करून बाकावर ठेवला.

मग ती वही घेऊन वॉर्डात गेली आणि खाटेच्या कडेला बसली.

"तिला सांगा, मावशी," ती म्हणाली, "बहीण कुठे आहे मला माहीत नाही. डबा कुठे उतरला ते माहीत आहे. मी विचारायला सुरुवात केली आहे. ज्यांना विचारायचं त्यांना नाव सांगावं लागेल. बहिणीचं नाव काय?"

खिनमावशीने विचारलं. मुलगी हातावर भार देऊन अर्धी उठून बसली आणि नाव सांगितलं.

"निन सी," केतकी लिहिता लिहिता म्हणाली.

मुलीने मान हलवली. नाही. पुन्हा म्हणून दाखवलं. सुरुवातीला नाकातून निसटणारा एक श्वास होता, तो केतकीला पकडता येत नव्हता.

"हिन सी?"

नाही.

केतकीने पेन खाली ठेवलं, ती पुढे झुकली आणि मुलीच्या ओठांकडे पाहत राहिली. मुलीने सावकाश, एकेक अक्षर तोडून, तिसऱ्यांदा सांगितलं.

"ह्निन सी," केतकी म्हणाली.

मुलीने हो म्हणून मान डोलावली, आणि केतकीने ते लिहून घेतलं.